अर्ध्या रुपयाची तलवार

जुन्या लढायांवर बोलायला उभं राहिलं की दोन प्रश्न हमखास येतात. तलवारीचं वजन किती असायचं, हा पहिला. ती केवढ्याला मिळायची, हा दुसरा. पहिल्या प्रश्नाचं उत्तर काटा देतो. कुठल्याही वस्तुसंग्रहालयात नोंदवही बघा, हातातली तलवार बहुतेक वेळा एक-दीड किलोच्या आतबाहेर भरते, आणि मणाच्या तलवारीची गोष्ट तिथंच संपते. दुसऱ्या प्रश्नाला असा काटा नाही. म्हणून त्याची दोन तयार उत्तरं फिरत असतात. एक म्हणतं, तलवार ही राजेरजवाड्यांची चीज, सात गाईंच्या मोलाची, साध्या शिपायाच्या स्वप्नातली. दुसरं म्हणतं, छे हो, आपल्याकडे घराघरात आढ्याला तलवार खोचलेली असायची.

दोन्ही उत्तरं छातीठोकपणे दिली जातात. आज आम्ही तिसरं उत्तर घेऊन आलेलो नाही. ज्या कागदांवरून ही उत्तरं दिली जातात, त्यांचीच जरा समीक्षा करायची आहे. कागद म्हणजे मजकूर. त्याला लेखक असतो, लेखकाचा धनी असतो, आणि दोघांच्या काही सोयी असतात. किमतींच्या तक्त्यालाही त्या असतात, हे आपण सहसा विसरतो. कवितेवर शंका घेणारा माणूस आकडा दिसला की मान डोलावतो.

आमचा मुख्य कागद आहे अबुल फजलची 'आईन-ए-अकबरी'. सोळाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात लिहिलेली. पहिल्या खंडाचं ब्लॉकमनचं इंग्रजी भाषांतर 1873 साली निघालं, आणि बहुतेक अभ्यासक अजूनही त्यातूनच आकडे उचलतात. अकबराच्या राज्यातलं स्वयंपाकघर, हत्ती, तंबू, गालिचे, कबुतरं, टांकसाळ, कशाचीही माहिती हवी असेल तर या ग्रंथाकडे जावं लागतं. त्यात बादशाही सिलेखान्याचं एक प्रकरण आहे आणि त्या प्रकरणात हत्यारांच्या किमतींचा तक्ता आहे.

तक्ता असा सांगतो: शमशेर, म्हणजे आपली किंचित वाकडी तलवार, अर्ध्या रुपयापासून पंधरा मोहरांपर्यंत. सरळ खांडा एक ते दहा रुपये. काठीत लपवलेली गुप्ती दोन ते वीस रुपये. जमधर अर्ध्या रुपयापासून अडीच मोहरांपर्यंत. खंजीर अर्धा ते पाच रुपये. आणि अशीच यादी पुढे.

आता याच ग्रंथात पायदळाच्या पगाराचंही प्रकरण आहे. त्यात शमशेरबाज म्हणून एक वर्ग येतो, तलवारीवर पोट असणारा. त्यांचे प्रकारही अबुल फजल मोठ्या आवडीनं सांगतो: कुणी ढाल घेऊन लढतो, कुणी ढाल न घेता एकाच हातानं. पूर्वेकडचे लोक लहान ढाल वापरतात, दक्षिणेकडचे मात्र एवढी मोठी की घोडेस्वार झाकला जावा. या शमशेरबाजांना दरमहा 80 पासून 600 दामांपर्यंत तनखा. चाळीस दामांचा रुपया. म्हणजे दोन रुपये ते पंधरा रुपये.

आता हिशेब करायला हरकत नाही. अर्ध्या रुपयाची तलवार म्हणजे 20 दाम. तळाच्या शमशेरबाजाचा पाव महिन्याचा पगार, एक आठवडाच म्हणा. सर्वांत वरच्या शमशेरबाजाला तेच 20 दाम एका दिवसात मिळतात. दुसरं टोक बघा. गोल मोहोर नऊ रुपयांची धरली तर पंधरा मोहरा म्हणजे 135 रुपये, म्हणजे 5400 दाम. 80 दामवाल्याला ती तलवार घ्यायची तर साडेसदुसष्ट महिने, साडेपाच वर्षांहून जास्त, न खातापिता पैसे साठवावे लागतील. 600 दामवाल्याला नऊ महिने.

कुणी म्हणेल, शमशेरबाज हे काही साधे शिपाई नव्हेत, त्यातले बरेच दरबारात कसब दाखवणारे होते. खरं आहे. ब्लॉकमननं तर त्यांच्यासाठी रोमच्या आखाड्यातल्या लढवय्यांचा शब्द वापरलाय. म्हणून बंदूकचींचा पगार ताडून पाहू. तो पायऱ्यापायऱ्यांनी दिलेला आहे: साध्या बंदूकचीला वरच्या पायरीवर 250 दाम, तळाच्या पायरीवर 110. तळाच्या बंदूकचीला अर्ध्या रुपयाची तलवार साडेपाच दिवसांच्या कमाईत पडते आणि पंधरा मोहरांची चार वर्षांहून जास्त कमाईत. चित्र फारसं बदलत नाही.

मग तलवार स्वस्त की महाग?

या तक्त्यातल्या एकाच नगाच्या दोन टोकांत 270 पटींचं अंतर आहे. एवढ्या अंतरावरच्या दोन वस्तूंना एक नाव असलं तरी त्या एकच वस्तू आहेत असं धरून चालत नाही. आज 'घर' म्हटलं तर वाडीतलं पत्र्याचं छप्परही घर आणि मलबार हिलवरचा मजलाही घर. 'मुंबईत घर केवढ्याला' या प्रश्नाचं जे होतं, तेच 'तलवार केवढ्याला' याचं होतं. दोन टोकांची सरासरी काढून पावणेअडुसष्ट रुपये असा आकडा छापलेला आमच्या वाचनात आला नाही, पण कुणीतरी तो छापेल याची खात्री आहे.

तक्त्याचं मोठं न्यून वेगळंच आहे. त्यात नगांची संख्या नाही. अर्ध्या रुपयाच्या तलवारी हजारो आणि पंधरा मोहरांची एखादीच, की मधल्या तलवारींचाच भरणा, ते कळत नाही. अबुल फजलला ते सांगायचंच नव्हतं. त्याला श्रेणी लावायची होती. त्याच ग्रंथात तो सांगतो की बादशाही हत्यारांना नावं आहेत आणि प्रत्येकाचा दर्जा ठरलेला आहे. खास बादशहासाठी ठेवलेल्या तीस तलवारी वेगळ्या, त्यांच्यामागे राखीव वेगळ्या. हत्तींना श्रेणी, घोड्यांना श्रेणी, माणसांना मनसब, तसा तलवारींनाही हुद्दा. हे लेखन राज्याची घडी दाखवण्यासाठी आहे. आपण त्याच्याकडून बाजारभाव मागतो, आणि तो देतो ते दरबारी मूल्यांकन. त्यानं खोटं लिहिलंय असं आम्ही म्हणत नाही. आपला प्रश्न त्याचा प्रश्न नव्हता, एवढंच.

असं असूनही तक्त्याचं खालचं टोक आम्हाला फार मोलाचं वाटतं. बादशहाच्या थाटाचं वर्णन करायला बसलेला लेखक वरचं टोक फुगवेल, हे समजू शकतं. खालचं टोक फुगवून त्याला काही मिळत नाही. अर्ध्या रुपयाची तलवार सिलेखान्यात होती हे त्यानं सहज लिहून टाकलं आहे, आणि सहज लिहिलेल्या गोष्टीवर आम्ही जास्त विश्वास ठेवतो. त्याच ग्रंथातल्या भावांप्रमाणे गहू मणाला 12 दाम. अकबरी मण आजच्या साधारण पंचवीस किलोंचा. म्हणजे 20 दामांत चाळीस-बेचाळीस किलो गहू. मजुरांच्या यादीत खालच्या टोकाला रोज दोन दाम मिळतात. म्हणजे दहा दिवसांची मजुरी. ही तलवार घेणारा माणूस राजा असण्याची काही गरज नाही.

ती तलवार कशी असेल? साध्या लोखंडाची, गावच्या लोहारानं ठोकलेली, धार फार दिवस न धरणारी, मुठीला लाकूड नाहीतर पितळ, म्यान असलंच तर कातड्याचं. वरच्या टोकाची तलवार पोलादाची, पात्यावर जौहर उठलेला, मूठ सोन्याच्या तारकामाची. आपल्या शेजारच्या तेलंगणात कोनसमुद्रमसारख्या गावी मुशीत पोलाद तयार व्हायचं आणि ते घ्यायला इराणी व्यापारी तिथवर येत. असलं पातं बनण्यात खाण, भट्टी, कोळसा, घडवणारा, पाणी देणारा, शिकलगार, मूठ बसवणारा, मिनेकाम करणारा, इतक्यांचे हात लागतात. मुठीचं आणि म्यानाचं मोल पात्यावर चढतं ते वेगळंच.

म्यानाचा विषय निघालाच आहे तर ती सात गाईंची गोष्ट कुठून आली ते सांगून टाकू. ती आपल्याकडची नाही. युरोपात ऱ्हाइन नदीच्या काठी राहणाऱ्या रिपुआरी फ्रँक लोकांचा सातव्या शतकातला एक कायदा आहे. त्यात वस्तूंचे दर दिलेत. धडधाकट शिंगवाला बैल दोन सॉलिडस. कड्यांचं चिलखत बारा. शिरस्त्राण सहा. ढाल आणि भाला मिळून दोन. धडधाकट घोडा बारा. आणि म्यानासह तलवार सात सॉलिडस. गाय एका सॉलिडसला धरली की सात गाई. झाली गोष्ट तयार! पण त्याच यादीत पुढे बिनम्यानाची तलवारही आहे, तीन सॉलिडसला. म्हणजे सातातले चार म्यानाचे. पात्यापेक्षा म्यान महाग. सात गाईंची गोष्ट सांगणारे हा तिसरा आकडा गाळतात, कारण तो सांगितला की गोष्टीचा तोराच उतरतो.

शिवाय ही यादी बाजाराची नव्हेच. माणूस मारला तर मृताच्या घराला भरपाई द्यायची. ती नाण्यांत देता येत नसेल तर कुठली वस्तू किती सॉलिडसना धरायची, यासाठी केलेले ते दर. तंटा मिटवायचे दर. देणाऱ्याला आपली तलवार महाग धरलेली हवी, घेणाऱ्याला स्वस्त. कायद्यानं मधला आकडा ठोकून दिला. त्याला भाव म्हणायचं तर जपून म्हणावं.

तरीही तलवार तिथं महाग होती, यात शंका नाही. 761 साली आलेमान्नी प्रदेशातल्या इझानहार्ट नावाच्या माणसानं आपली वडिलोपार्जित जमीन आणि एक गुलाम देऊन त्याबदल्यात एक घोडा आणि एक तलवार घेतल्याची नोंद आहे. हे वाचून आम्हाला एकदम आपल्या मुलखाची आठवण होते. जमीन विकून नोकरीला जायचं साहित्य घेतलं. पुढे शार्लमेनच्या फर्मानात पायदळाच्या शिपायानं काय घेऊन यावं ते दिलं आहे: भाला, ढाल, धनुष्य, दोन दोऱ्या, बारा बाण. त्यात तलवार नाही. ज्या काळाची ओळखच आपण तलवारीनं करून देतो, त्या काळात सरकारसुद्धा साध्या शिपायाकडून तलवारीची अपेक्षा करत नव्हतं.

इंग्लंडात तर हे बदलताना दिसतं. 1181 च्या हुकुमात प्रजेनं बाळगायच्या हत्यारांची यादी आहे, तिच्यात चिलखत, लोखंडी टोपी, भाला यांची नावं आहेत, तलवारीचं नाही. 1285 च्या विंचेस्टरच्या कायद्यात मात्र वर्षाला चाळीस शिलिंग उत्पन्नाची जमीन असलेल्यानंही तलवार, धनुष्यबाण आणि सुरी ठेवावी असं आहे. शंभर वर्षांत तलवार खाली उतरली. फ्रँकांच्या काळचा भाव घेऊन सगळ्या 'मध्ययुगा'ला लावणारे नेमका हा उतार विसरतात.

परत आपल्या कागदाकडे येऊ, कारण खरी मेख अजून यायचीय.

'आईन'मध्ये घोडेस्वाराचा पगार कशावर ठरतो ते बघा. तो घोड्यावर ठरतो. स्वाराकडे इराकी घोडा असेल तर 30 रुपये, मुजन्नसला 25, तुर्कीला 20, याबूला 18, ताजीला 15, जंगल्याला 12. माणूस तोच, तलवार तीच, खाली घोडा बदलला की पगार अडीचपट. तलवार चांगली म्हणून दोन रुपये जास्त, असं कलम कुठेच नाही. लढवय्याच्या कमाईचा हिशेब करताना आपण तलवार पुढे ठेवतो. राज्य घोडा पुढे ठेवत होतं. तलवारीची किंमत एकदा मोजली की संपली, घोडा रोज खातो.

आणि आता ते वाक्य, ज्याच्यासाठी खरं म्हणजे आम्ही हे प्रकरण आज निवडलं. पगाराचे नियम सांगताना अबुल फजल लिहून जातो की स्वाराच्या पगारातून दर वर्षी एका महिन्याची रक्कम घोडा आणि साजसरंजाम यांच्यापोटी कापून घेतली जाते, आणि घोड्याची किंमत मूळ खरेदीपेक्षा निम्म्यानं वाढवून धरली जाते. दहाचा घोडा पंधराला. पुढे तो काय म्हणतो? म्हणतो, घोडे फार काळजीपूर्वक घेतले जातात, तेव्हा या वाढीनं शिपायाचं काही नुकसान होत नाही.

या वाक्याची समीक्षा वेगळी काय करायची! शिपायाचं नुकसान होत नाही हे शिपायानं सांगितलेलं नाही. ते सांगतो बादशहाचा मित्र आणि मंत्री. कपातीचा आकडा तो प्रामाणिकपणे देतो, आणि लगेच तिच्यावर शाल पांघरतो. अबुल फजलच्या शैलीची थोरवी सगळे सांगतात. फारसी जाणणारे तर त्या शैलीवर जीव टाकतात. आम्हाला ती शैली अशा ठिकाणी उघडी पडलेली दिसते. ग्रंथ सोडून द्या असं आम्ही अर्थातच म्हणत नाही. या एका वाक्यानं आपल्या विषयाचा प्रश्नच बदलतो, तेवढं लक्षात घ्या. तलवार किती दिवसांच्या पगाराची, हे विचारून भागत नाही. ती कुणाच्या खिशातून आली आणि मोडली, हरवली तर कुणाच्या खात्यावर पडली, हे विचारावं लागतं.

हा प्रश्न आपल्या भाषेनं फार पूर्वी दोन शब्दांत बांधून ठेवलाय: शिलेदार आणि बारगीर. शिलेदार म्हणजे सिलाहदार, हत्यारवाला. घोडा त्याचा, हत्यारं त्याची. बारगीर हा दुसऱ्याच्या घोड्यावर बसणारा. स्वराज्यात सरकारी पागेच्या घोड्यावर बसणारा. आज 'शिलेदार' शब्द आपण कौतुकानं वापरतो, अमक्या नेत्याचे शिलेदार, तमक्या संस्थेचे शिलेदार. मूळ शब्दात निष्ठा कमी आणि मालकी जास्त आहे, हे कुणाच्या ध्यानात येत नाही.

ग्रँट डफनं 1826 साली छापलेल्या इतिहासात शिवाजी महाराजांच्या सैन्याचे दरमहाचे पगार दिले आहेत: मावळे-हेटकरी पायदळाला एक ते तीन होन, बारगिराला दोन ते पाच, शिलेदाराला सहा ते बारा. बारगीर आणि शिलेदार यांच्यातला फरक पाहा, अडीच-तीनपट. हा शौर्याचा मोबदला नव्हे. घोड्याचं, साजाचं, हत्याराचं भाडं आणि ते गमावण्याची जोखीम त्यात आहे. सभासदानं बखरीत सांगितलंय की शिलेदारांना पागेच्या आज्ञेत ठेवलं, म्हणजे कुणाला बंडाला जागा राहू नये. कृष्णाजी अनंत सभासद ही बखर जिंजीला राजाराम महाराजांसाठी लिहीत होता. राज्य जगवायची धडपड चालू असताना लिहिणारा माणूस हत्याराच्या मालकीचा राजकारणाशी असलेला संबंध विसरत नाही. ज्याचं हत्यार त्याचा, तो उठून जाऊ शकतो.

आणि मावळा? ग्रँट डफ म्हणतो की पायदळाच्या शिपायानं हत्यारं आपली आपण आणायची, दारूगोळा तेवढा सरकारातून. एक होन म्हणजे ढोबळ मानानं साडेतीन रुपये. म्हणजे तीन-साडेतीन रुपये दरमहाचा माणूस, आणि तलवार, ढाल, बंदूक त्याची त्याची. इथं आम्ही 'आईन'मधला अर्धा रुपया उचलून मावळ्याच्या कमरेला लावणार नाही. मुलूख वेगळा, मधे पाऊणशे वर्षं गेलेली. पण ज्या घरात अशी तलवार होती त्या घरात ती शौर्याची खूण होण्याआधी नोकरीला लागायची अट होती, एवढं म्हणायला हरकत नसावी. सुताराला किकरं जसं, तसं.

आता भवानी तलवारीकडे वळू, कारण ती टाळून पुढे गेलो तर तुम्ही सोडणार नाही. परंपरेत असं सांगितलं जातं की कोकणात सावंतांकडची एक उत्तम फिरंग महाराजांकडे आली आणि महाराजांनी तिच्याबद्दल तीनशे होन आणि पोशाख दिला. फिरंग म्हणजे युरोपात घडलेलं सरळ पातं, त्याला आपल्याकडची मूठ. गोष्ट कितपत खरी यावर वाद आहेत, त्यात आम्ही पडत नाही. आम्हाला तीनशे होन या आकड्याशी काम आहे. एक होन पगाराच्या मावळ्याचा तो तीनशे महिन्यांचा पगार, म्हणजे पंचवीस वर्षांचा. तीन होनवाल्याचा शंभर महिन्यांचा, आठ वर्षं चार महिने. कुणी या आकड्यावरून 'त्या काळी फिरंग तीनशे होनांना मिळायची' असं म्हणायला लागला तर त्याला थांबवायला पाहिजे. गोष्टीचा रोखच निराळा आहे. दुसऱ्याच्या घरची तलवार फुकट घ्यायची नाही आणि देणाऱ्याचा मानही राखायचा, यासाठी ती रक्कम आहे. तिच्यात तलवारीच्या किमतीपेक्षा घेणाऱ्याचा दर्जा मोजलेला आहे. गोष्ट सांगणाऱ्यांना ते नीट कळत होतं; आकडे वेचणाऱ्यांना कळत नाही.

हत्याराच्या तुटवड्याची आठवण मात्र सभासदानं एका ठिकाणी अशी ठेवलीय की आम्ही दर वेळी तिथं थबकतो. सिंहगडावर तानाजी मालुसऱ्यांची ढाल तुटली, आणि दुसरी ढाल वेळेवर आली नाही. मग त्यांनी डाव्या हाताचीच ढाल केली. आपण हा प्रसंग शौर्याचा म्हणून ऐकतो, आणि तो आहेच. पण ते मधलं वाक्य बघा. दुसरी ढाल आली नाही. बखरकार पुढचा पराक्रम सांगण्याआधी एक अगदी कारकुनी गोष्ट सांगतो, की जादा ढाल हाताशी नव्हती. सुभेदाराच्या हुद्द्याचा माणूस, निवडक माणसं घेऊन गेलेला, आणि त्याच्या मागे ढाल पोचवणारं कुणी नाही. चित्रपट काढणाऱ्यांनी हा प्रसंग इतक्यांदा दाखवला, ही रिकामी जागा दाखवावी असं वाटत नाही.

वस्तुसंग्रहालयांविषयीही बोललं पाहिजे. तिथं काचेमागे जे ठेवतात ते नेहमी तक्त्याच्या वरच्या टोकाचं असतं. साहजिकच आहे, सोन्याच्या मुठीची तलवार कुणी मोडत नाही. अर्ध्या रुपयाच्या तलवारीचं काय झालं? झिजली, तिचा सुरा झाला, सुऱ्याची खुरपी झाली. कोकणातल्या चार महिन्यांच्या पावसात गंजली, म्यान कुजलं. लोखंड महाग होतं, ते कुणी टाकून देत नसे. म्हणून आपल्या डोळ्यांसमोर 'तलवार' म्हटलं की पंधरा मोहरांची उभी राहते आणि आपण विचारतो, एवढी महाग वस्तू गरीब मावळ्याला कशी परवडली? तलवार पाहिली राजाची आणि खिसा तपासला शिपायाचा, तर हिशेब जुळायचा कसा!

शिलेदारीचा हिशेब पुढे इंग्रजांनाही आवडला, हे जाता जाता सांगतो. त्यांच्या हिंदी घोडदळात 'सिल्लेदार' पद्धत नावानिशी चालू राहिली. 1817 साली उभी राहिलेली पूना हॉर्स अशाच पलटणींपैकी. स्वारानं भरतीच्या वेळी रक्कम भरायची, घोडा आणि सरंजाम त्यातून, सरकारकडून मुख्यतः बंदूक आणि दारूगोळा, आणि त्याबद्दल पगार जास्त. सरकारला स्वस्त पडणारी ही व्यवस्था शंभर वर्षं चालली. पहिल्या महायुद्धात घोडे आणि माणसं अशा संख्येनं कमी व्हायला लागली की स्वाराच्या ठेवीतून ते भरून काढणं शक्यच नव्हतं, आणि युद्धानंतर पद्धत मोडीत निघाली. एकच घोडा मेला तर स्वार कर्जात. सगळेच मेले तेव्हा सरकारला खर्च दिसला.

(श्रोत्यांतून प्रश्न: ते सगळं ठीक आहे, पण आजच्या पैशांत ती अर्ध्या रुपयाची तलवार केवढ्याला?)

हा प्रश्न येणार हे माहीत होतं. करा हिशेब, आम्ही अडवत नाही. ती तलवार म्हणजे साधारण बेचाळीस किलो गहू. आज तुमच्याकडे गव्हाचा जो भाव असेल त्यानं गुणा. मग तीच तलवार म्हणजे तळाच्या मजुराची दहा दिवसांची मजुरी. तुमच्या गावातल्या आजच्या मजुरीनं गुणा. गहू तीस रुपये किलो आणि मजुरी पाचशे रुपये रोज धरली, तर पहिलं उत्तर येतं साडेबाराशेच्या आसपास आणि दुसरं येतं पाच हजार. दोन्ही बरोबर आहेत. मधल्या चारशे वर्षांत गहू आणि मजुराचा हात यांचं एकमेकांशी असलेलं नातंच बदललं. आता तुम्ही ठरवा, शिपाई तलवार घेताना घरातला गहू मोजत होता की अंगातले दिवस.